पहिल्या क्लायंटकडे ईआरपीनेक्स्ट बसवताना: नवख्यांसाठी पायरी पायरीने

ईआरपीनेक्स्ट (खरेदी, स्टॉक, प्रॉडक्शन, विक्री, अकाउंट सगळं एकत्र सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर) शिकून एखाद्या छोट्या कारखान्याला बसवून द्यायचं काम अंगावर घेतलंय किंवा घ्यायचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला भोसरी एमआयडीसीतलं एक मशीनिंग युनिट धरू. चार-पाच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या लेथ), एक-दोन व्हीएमसी (तशाच मिलिंग मशीन), गोल बार विकत घ्यायचा, कापायचा, टर्निंग करायचं, प्लेटिंगला बाहेर पाठवायचं, परत आला की पार्टीला डिस्पॅच आणि बिल. अकाउंट टॅलीत, स्टॉक स्टोअरच्या रजिस्टरमधे, प्रॉडक्शन सुपरवायझरच्या डोक्यात आणि उरलेलं सगळं मालकांच्या व्हॉट्सॲपवर. अशी युनिटं पिंपरी-चिंचवड, शिरोली, सातपूर, वाळूज कुठेही गेलात तरी सापडतील.

सॉफ्टवेअरबद्दल दोनच वाक्यं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, कंपनी २००८ पासूनची, लायसन्स जीपीएल आवृत्ती ३ म्हणजे ओपन सोर्स, खाली फ्रॅपे फ्रेमवर्क आहे ते पायथन आणि जावास्क्रिप्टमधे लिहिलंय, डेटाबेस मारियाडीबी. ओडू या दुसऱ्या ईआरपीची फुकट कम्युनिटी आवृत्ती पण लोक बघतात, चांगली आहे, पण त्यात पूर्ण अकाउंटिंग फुकट मिळत नाही आणि आपल्याकडच्या छोट्या धंद्याला अकाउंटिंग आणि जीएसटीशिवाय ईआरपी म्हणजे काहीच नाही, म्हणून मी नवख्याला ईआरपीनेक्स्टच सांगतो.

आधी स्वतःच्या मशीनवर खेळा

विंडोजवर हे थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) किंवा डॉकर (तयार पॅकेजमधे सॉफ्टवेअर चालवायचं साधन) लागतो. शिकायला डॉकरच बरा, फ्रॅपेची डॉकरवाली रिपो उतरवून घ्या, त्यात चाचणीसाठी तयार फाइल आहे, ती चालवली की थोड्या वेळात ब्राउझरमधे लॉगिन स्क्रीन येते. बेंच कमांड (फ्रॅपेचं सगळं चालवायचं कमांड-लाइन साधन), साइट बनवणं, ॲप इन्स्टॉल करणं हे नंतर सावकाश शिका. फ्रॅपेचे फुकट कोर्स आहेत ते पण बघा, पण व्हिडिओ बघून ईआरपी येत नाही, एन्ट्र्या करूनच येतं.

मग काय करायचं, तर एक काल्पनिक ऑर्डर धरा आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्या. सेल्स ऑर्डर, त्यावरून मटेरियल रिक्वेस्ट, परचेस ऑर्डर, परचेस रिसीट, वर्क ऑर्डर, डिलिव्हरी नोट, सेल्स इन्व्हॉइस, पेमेंट एन्ट्री. प्रत्येक डॉक्युमेंट सबमिट केलं की वरच्या व्ह्यू बटणातून अकाउंटिंग लेजर आणि स्टॉक लेजर उघडून बघायचं की नक्की कुठे काय पडलं. कुठल्या कागदाने माल हलतो, कुठल्याने पैसे हलतात आणि कुठल्याने काहीच हलत नाही, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. सेल्स ऑर्डरने लेजरमधे काहीही पडत नाही. डिलिव्हरी नोटने स्टॉक हलतो. इन्व्हॉइसने पार्टीच्या नावे पडतं, पण इन्व्हॉइसवर 'अपडेट स्टॉक'ची टिक मारली तर स्टॉक पण हलतो, आणि कोणी डिलिव्हरी नोट वेगळी करून वर तिच्याशी न जोडता टिकवालं बिल केलं तर तोच माल दोनदा वजा होतो. बिल नेहमी डिलिव्हरी नोटवरूनच ओढायचं ही सवय आधी स्वतःला लावा, मग अकाउंटंटला.

आणखी एक गोष्ट हाताला बसली पाहिजे. सबमिट केलेलं डॉक्युमेंट बदलता येत नाही, कॅन्सल करून अमेंड करावं लागतं आणि जुनं तसंच दिसत राहतं. टॅलीत व्हाउचर उघडून आकडा बदलायची सवय असलेल्या माणसाला याचा पहिला महिनाभर जाम राग येतो. पण क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला बदलांची नोंद ठेवणं, आणि ती बंद करता न येणं, कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा हे त्यांच्या भल्याचंच आहे असं सांगायला तुमच्याकडे ठोस कारण आहे.

क्लायंटकडे गेल्यावर लॅपटॉप उघडू नका

डेमो नंतर. पहिल्या भेटीत कागद मागा. पार्टीची एक खरी पीओ (परचेस ऑर्डर), तिच्यासाठी आलेल्या बारचं बिल, स्टोअरच्या रजिस्टरचं त्या दिवसाचं पान, जॉबकार्ड असेल तर ते, प्लेटिंगला पाठवलेलं चलन, डिस्पॅचचं चलन, टॅक्स इन्व्हॉइस. हे सगळं एकाच ऑर्डरचं पाहिजे. मालक म्हणतील "आमच्याकडे सिस्टीम एकदम व्यवस्थित आहे" आणि मग प्लेटिंगचं चलन सापडायला अर्धा तास जाईल, तो अर्धा तास बघत बसा, खरी माहिती तिथेच मिळते. चलन कोण लिहितं, किती कॉपी निघतात, परत आलेला माल कोण मोजतं, कमी आला तर कोणाला सांगतं.

मालकांशी बोलून झालं की स्टोअरवाल्या काकांशी बसायचं, मालक नसताना. "काका, रजिस्टरला तीनशे किलो आहे, रॅकवर किती असेल?" असं सरळ विचारलं की ते हसतात. त्या हसण्यावरून ओपनिंग स्टॉकला किती त्रास होणार याचा अंदाज बांधा.

यानंतर स्कोप लिहून काढा, दोन पानं पुरतात. पहिल्या टप्प्यात काय येणार, काय येणार नाही, डेटा कोण देणार, कुठल्या तारखेपर्यंत, पैसे कुठल्या टप्प्याला किती. "येणार नाही" ची यादी जास्त महत्त्वाची. पगार आणि हजेरी पहिल्या टप्प्यात घेऊ नका, आवृत्ती १४ पासून ते एचआरएमएस नावाचं वेगळं ॲपच आहे. सीएनसी मशीनचा डेटा थेट ईआरपीत आणायची हौस मालकांना हमखास असते, ती लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षावर ढकला. ओपन सोर्स म्हणजे फुकट असा समज असेल तर तो पण इथेच दूर करा, लायसन्सचे पैसे नाहीत, सर्व्हरचे आहेत आणि तुमच्या वेळेचे आहेत.

कंपनी, जीएसटी आणि नंबर

कंपनी बनवताना संक्षिप्त नाव मागतं ते दोन-तीन अक्षरी द्या, कारण ते प्रत्येक खात्याच्या आणि प्रत्येक वेअरहाऊसच्या नावामागे चिकटतं, लांब दिलंत तर आयुष्यभर ते वाचत बसावं लागेल. देश भारत, आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स नावाचं वेगळं ॲप आहे ते पहिल्याच दिवशी टाका, नंतर नको. जीएसटी नंबर १५ अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, त्यावरूनच सीजीएसटी-एसजीएसटी लागणार की आयजीएसटी ते ठरतं, म्हणून पार्टीच्या ॲड्रेसमधे जीएसटी नंबर आणि राज्य नीट भरलेलं पाहिजे. टॅक्सच्या निम्म्या तक्रारी ॲड्रेस मास्टरमधूनच निघतात. टॅक्सचे रेट आयटम टॅक्स टेम्प्लेटमधून लावा, हाताने बिलावर टाकू नका, २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ चे स्लॅब काढून टाकले तेव्हा टेम्प्लेटवाल्यांचं काम पटकन झालं.

बिलाच्या नंबरकडे खास लक्ष द्या. जीएसटीच्या नियमानुसार बिल नंबर १६ अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नाही आणि ईआरपीनेक्स्टची एसीसी-एसआयएनव्ही अशी मूळ सीरिज पूर्ण वर्ष आणि पाच आकडे धरून १९ वर जाते. छोटी सीरिज करा, आर्थिक वर्ष दिसेल अशी. आणि एकदा सुरू झाली की मधे बदलायची नाही.

उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, ते याच ॲपमधून निघतं पण त्यासाठी एपीआय क्रेडिट (सरकारी पोर्टलशी जोडणीचे प्रीपेड पॉइंट) विकत घ्यावे लागतात, हा खर्च कोटेशनमधे आधीच दाखवा. ई-वे बिलाची मर्यादा राज्याबाहेर ५० हजार, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख. सगळं आधी सँडबॉक्सवर, म्हणजे चाचणीच्या मोडमधे, चालवून बघायचं.

आयटम मास्टर, इथे वेळ घालवा

टॅलीतून आयटमची यादी एक्स्पोर्ट करून तशीच चढवायचा मोह होतो. नका करू. त्यात एकच बार चार नावांनी असतो, "ईएन ८ ३२ मिमी", "ईएन-८ बार ३२", "३२ राउंड" आणि एक नुसताच "बार". आधी एक्सेलमधे बसून साफ करायचं, कोड ठरवायचे, आणि हे काम क्लायंटच्या माणसानेच करायला हवं, तुम्ही नाही, कारण कुठला बार कोणता हे त्यालाच माहीत. तुम्ही फक्त टेम्प्लेट द्यायचं आणि रोज विचारायचं की कुठवर आलं. कोड साधे ठेवा, स्टोअरवाल्याने फोनवर वाचून सांगितला तर समोरच्याला एका फटक्यात लिहिता आला पाहिजे.

मग युनिट. स्टॉकचं युनिट एकदा एन्ट्र्या झाल्या की बदलता येत नाही, त्यामुळे इथे घाई नको. बार किलोत येतो, कापून नगात जातो. बारचं स्टॉक युनिट किलो, तयार पार्टचं नग, आणि मधला हिशोब बीओएममधे (एका पार्टला काय काय किती लागतं त्याची यादी). समजा एका नगाला ०.४२० किलो बार लागतो, बार ८० रुपये किलो, म्हणजे ३३ रुपये ६० पैसे. त्यातला ०.११० किलो बर (टर्निंगमधे निघणारा धातूचा कीस) निघतो, भंगारवाला ३० रुपये किलोने घेतो, म्हणजे ३ रुपये ३० पैसे परत. बीओएममधे स्क्रॅपचा आयटम टाकला तर मटेरियलची कॉस्ट नगाला ३० रुपये ३० पैसे येते. हा आकडा मालकांना दाखवा. ते लगेच स्वतःच्या मनातल्या आकड्याशी ताडून बघतात, आणि दोन्हीत फरक निघाला तर त्या दिवसापासून ते ईआरपी स्वतःहून विचारायला लागतात, तोपर्यंत ते तुमचं खूळ असतं.

एचएसएन कोड (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा कोड) आयटम मास्टरमधेच भरा, उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर किमान ४ आकडी, वर असेल तर ६ आकडी. पार्टीने स्वतःचा माल फक्त मशीनिंगला दिला असेल तर तो 'कस्टमर प्रोव्हायडेड आयटम' म्हणून वेगळा करा, तो शून्य किमतीने येतो, नाहीतर दुसऱ्याचा माल आपल्या बॅलन्सशीटमधे जाऊन बसतो.

प्रॉडक्शन कमीत कमी एन्ट्र्यांत

प्रत्येक ऑपरेशनला जॉब कार्ड, प्रत्येक मशीन वर्कस्टेशन, शिफ्टनुसार वेळ, हे सगळं ईआरपीनेक्स्टमधे होतं. पहिल्या दिवशी हे सुरू केलंत तर आठवड्यात सगळं बंद पडेल, कारण शॉप फ्लोअरवर एन्ट्री करायला माणूसच नसतो. सुरुवातीला वर्क ऑर्डरमधे डब्ल्यूआयपीला (काम चालू असलेल्या मालाच्या वेअरहाऊसला) माल ट्रान्सफर करायची पायरी वगळायची टिक मारा, दिवसाअखेर सुपरवायझरच्या कागदावरून एकच मॅन्युफॅक्चर एन्ट्री. रिजेक्शनसाठी एक वेगळं वेअरहाऊस. तीन महिने हे नीट चाललं तर जॉब कार्डचा विषय काढा.

प्लेटिंगला मात्र सूट नाही. आवृत्ती १४ पासून सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर आणि सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट अशी वेगळी डॉक्युमेंट्स आहेत, प्लेटरच्या नावाचं वेअरहाऊस करायचं आणि गेलेला माल त्यात दिसला पाहिजे. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे नाहीतर तो पाठवल्याच दिवशी विकला असं धरलं जातं, वर आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म भरायचा असतो. कुठल्या प्लेटरकडे किती नग अडकलेत हा रिपोर्ट बऱ्याच मालकांनी त्याआधी कधी पाहिलेलाच नसतो, आणि तुमचं उरलेलं बिल पास व्हायला तो कामी येतो.

सीए साहेबांना आधी भेटा

हा भाग नवखे सोडून देतात, विशेषतः प्रोग्रामिंगकडून आलेले. ईआरपीनेक्स्ट मुळात परपेच्युअल इन्व्हेंटरीवर चालतं, म्हणजे स्टॉक आला-गेला की त्याच क्षणी खात्यात पण पडतं. छोट्या युनिटच्या टॅलीत बहुतेक वेळा तसं नसतं, तिथे वर्षभर सगळी खरेदी परचेस अकाउंटला टाकतात आणि ३१ मार्चला क्लोजिंग स्टॉकचा एक आकडा येतो. तो आकडा कुठून येतो ते विचारू नका.

आता ५०० किलो बार ८० रुपयांनी आला, ४० हजारांचा. परचेस रिसीट सबमिट केली की स्टॉक इन हँडला ४० हजार नावे आणि 'स्टॉक रिसिव्हड बट नॉट बिल्ड' नावाच्या खात्याला ४० हजार जमा. बिल आल्यावर परचेस इन्व्हॉइस केलं की ते मधलं खातं ४० हजारांनी मोकळं होतं, सीजीएसटी ३,६०० आणि एसजीएसटी ३,६०० इनपुटला, आणि सप्लायरला ४७,२०० जमा. यात परचेस अकाउंट कुठेच आलं नाही. अकाउंटंट ट्रायल बॅलन्स उघडतो, परचेस शून्य बघतो आणि म्हणतो "तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय". म्हणून गो-लाइव्हच्या (प्रत्यक्ष वापर सुरू होण्याच्या) आधी सीए, अकाउंटंट आणि तुम्ही एकत्र बसून हीच एन्ट्री कागदावर मांडा. आणि ते मधलं खातं दर महिन्याला तपासायची सवय अकाउंटंटला लावा, त्यात जे उरतं ते म्हणजे माल आलाय पण बिल नाही, किंवा बिल चुकीच्या रिसीटला जोडलंय.

निगेटिव्ह स्टॉक अलाऊ करायचा पर्याय सेटिंगमधे आहे. पहिल्या आठवड्यात "साहेब, गाडी उभी आहे, बिल निघत नाहीये" म्हणून फोन येईल आणि ती टिक मारायला हात शिवशिवेल, मारू नका. एकदा चालू केली की मागच्या तारखेच्या एन्ट्र्या, किमतींचं पुन्हा पुन्हा रीपोस्टिंग, आणि शेवटी कुठल्याच व्हॅल्युएशनवर विश्वास नाही. स्टॉक नाही म्हणजे कोणीतरी रिसीट केली नाहीये, ती करायला लावा.

ओपनिंग

जमलं तर १ एप्रिलला सुरू करा, नाहीतर निदान महिन्याच्या एक तारखेला. तारीख ठरली की त्याच्या आदल्या संध्याकाळी स्टॉक मोजायचा, रजिस्टरवरून नाही, काट्यावर. तो स्टॉक रिकन्सिलिएशनमधून 'ओपनिंग स्टॉक' म्हणून चढवायचा. येणी आणि देणी एकगठ्ठा आकड्याने घेऊ नका, बिलवार घ्या, त्यासाठी ओपनिंग इन्व्हॉइस बनवायचं टूल आहे, नाहीतर पुढे पार्टीने पेमेंट पाठवलं की कुठल्या बिलाचं ते लावता येत नाही. बँक, कर्ज, भांडवल, मशिनरी हे जर्नल एन्ट्रीने. या सगळ्याची दुसरी बाजू टेम्पररी ओपनिंग नावाच्या खात्यात जाते आणि सगळं बरोबर असेल तर शेवटी ते खातं शून्यावर येतं. शून्य आलं नाही तर जुनी ट्रायल बॅलन्स आणि नवी शेजारी ठेवून एकेक ओळ बघायची, दुसरा मार्ग नाही, आणि फरक "नंतर बघू" म्हणून सस्पेन्सला टाकायचा नाही.

परमिशन, प्रिंट, आणि बदल

स्टोअरला रेट दिसू नये ही मागणी जवळपास सगळीकडे असते, रेटच्या फील्डला परमिशन लेव्हल १ देऊन ते होतं. सगळ्यांना सिस्टीम मॅनेजर करून मोकळं होऊ नका. प्रिंट फॉरमॅटवर तुमचा अंदाजापेक्षा दुप्पट वेळ जाईल, लोगो डावीकडे की उजवीकडे यावर मालक जेवढं बोलतात तेवढं बीओएमवर बोलत नाहीत, ते पण धरूनच चला.

बदल करायचे झाले तर आधी कस्टमाइझ फॉर्ममधून फील्ड वाढवून भागतं का बघा, मग क्लायंट स्क्रिप्ट, आणि त्याच्या पुढे जायचं तर स्वतःचं कस्टम ॲप करून त्यात ठेवा. ईआरपीनेक्स्टच्या मूळ कोडला हात लावायचा नाही म्हणजे नाहीच, पुढच्या अपडेटला एकतर तुमचं काम उडेल नाहीतर अपडेटच अडकेल. आणि पहिला महिनाभर कुठलाही बदल करू नका असं माझं मत आहे. सुरुवातीला मागितलेले निम्मे बदल जुन्या सवयीतून आलेले असतात, महिन्याने कोणाला आठवत पण नाहीत.

सुरू करताना

ट्रेनिंग एकत्र घेऊ नका. स्टोअरवाल्याला फक्त रिसीट आणि स्टॉक एन्ट्री, डिस्पॅचवाल्याला फक्त डिलिव्हरी नोट, प्रत्येकाला त्याच्याच खऱ्या कागदावरून, त्याच्याच टेबलावर. जे कागद तुम्ही पहिल्या भेटीत गोळा केले तेच वापरा. मराठीत एक पानाची चिठ्ठी करून मॉनिटरशेजारी चिकटवा, मॅन्युअल कोणी उघडत नाही.

पहिला महिना टॅली पण चालू ठेवायची, फक्त अकाउंटपुरती. महिनाअखेर विक्री, खरेदी, जीएसटीचे आकडे आणि बँक बॅलन्स दोन्हीकडे जुळले की टॅलीतल्या नव्या एन्ट्र्या बंद, जुना डेटा बघायला राहू द्या. दोन महिन्यांच्या वर दोन्ही चालवलं तर अकाउंटंट थकतो आणि थकलेला माणूस जे हाताला सवयीचं आहे तेच ठेवतो. पहिला आठवडा तुम्ही तिथेच बसायचं, फोनवरून होत नाही.

सर्व्हर आणि चाव्या

लहान युनिटला फ्रॅपे क्लाउड सोयीचं पडतं, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. स्वतःच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) ठेवणार असाल तर बॅकअप फाइल्ससकट घ्या आणि त्याच सर्व्हरवर ठेवू नका. साइटच्या कॉन्फिग फाइलमधे एन्क्रिप्शन की असते ती पण जपून ठेवा, दुसरीकडे रीस्टोअर केलं आणि ती की नसली तर सेव्ह केलेले ईमेल वगैरेंचे पासवर्ड उघडत नाहीत. रीस्टोअर एकदा तरी प्रत्यक्ष करून बघा, गो-लाइव्हच्या आधी.

डोमेन, क्लाउडचं खातं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड क्लायंटच्या नावाने, क्लायंटच्या ईमेलवर घ्या, तुमच्या नाही. तुमच्यासाठी वेगळा यूजर काढा. शेवटचं पेमेंट अडकलं तर चावी हातात असावी म्हणून काही जण सगळं स्वतःच्या नावावर ठेवतात, मला ते पटत नाही, त्यापेक्षा पैशांचे टप्पे आधीच असे पाडा की ओपनिंग चढेपर्यंत मोठा हिस्सा हातात आलेला असेल आणि पुढच्या सपोर्टचा दर महिन्याचा आकडा त्याच कागदावर लिहिलेला असेल.